नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा

बंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिकपेठ आणि बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या परिसरात, रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पुणेकरांना जुना बाजार आणि मुंबईकरांना चोर बाजार जसा परिचित, तसाच हा. आठवडाभर गजबजलेली दुकाने त्या दिवशी बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर, पदपथांवर चादरी पसरून माल मांडला जातो. काळ्या बेकेलाइटचे होल्डर आणि बटणे, बाहेरून हिरव्या व आतून पांढऱ्या एनॅमलच्या दिव्याच्या छत्र्या, मान वाकवता येणारे टेबल लॅम्प, पितळी पायाचे पंखे, शिट्टी हरवलेले प्रेशर कुकर, फिरत्या तबकडीचे दूरध्वनी! एखादी वस्तू हातात घेऊन ‘ही कुणी बनवली?’ असे विचारले, तर विक्रेत्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. वस्तू देखणी असेल तर ती ‘फॉरिन’ आणि नसेल तर नुसतीच ‘जुनी’!

या उत्तराने समाधान न होणाऱ्यांची संख्या आता वाढू लागली आहे. स्थूलमानाने १९४५ ते १९७० या काळातील साध्या, निरलंकार आणि उपयोगाला प्राधान्य देणाऱ्या गृहवस्तूंच्या शैलीस जगभर ‘मिड-सेंचुरी मॉडर्न’ म्हणतात. हे नाव रूढ केले ते कारा ग्रीनबर्ग या अमेरिकन लेखिकेच्या १९८४ मधील पुस्तकाने. म्हणजे वस्तू आधी आणि नाव मागाहून! युरोप-अमेरिकेतील त्या काळच्या दिव्यांवर ग्रंथ आहेत, रचनाकारांची चरित्रे आहेत, विक्रीच्या सूचिपुस्तिका ग्रंथालयांत जपलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र त्याच काळातील, त्याच शैलीतील आणि आपल्याच कारखान्यांत घडलेल्या वस्तूंचे कर्ते अनामिक राहिले. ते शोधून काढण्याचे काम संशोधकाइतकेच गुप्तहेराचेही आहे.

या शोधासाठी बंगळुरूइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल. शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम जवळपास दीडशे किलोमीटर दूरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. पुढे ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूर शहरात विजेचे पथदीप उजळले. शहरात वीज आल्यावर विजेची उपकरणेही येथेच व्हावीत, हा विचार म्हैसूर संस्थानाच्या धोरणात मुरलेला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे सर एम. विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. उद्योगांशिवाय संस्थानाला भवितव्य नाही, असे त्यांचे ठाम मत होते. १९२६ ते १९४१ या काळात दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माईल यांनी ते मत विटा-चुन्यात उतरवले. भारतीय विज्ञान संस्थेच्या शेजारी १९३२ मध्ये सरकारी पोर्सेलिन कारखाना निघाला आणि विजेच्या तारांसाठी लागणारे चिनी मातीचे विद्युतरोधक तेथे तयार होऊ लागले. त्यापाठोपाठ १९३६ मध्ये मल्लेश्वरमजवळ जुन्या तुमकूर रस्त्यावर ‘म्हैसूर लॅम्प वर्क्स’ उभा राहिला.

विजेच्या दिव्यांचा कारखाना काढण्यास तो काळ अनुकूल मुळीच नव्हता. ऑस्रॅम, फिलिप्स आदी बड्या कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून जगाची बाजारपेठ आपसांत वाटून घेतली होती. दिव्याचे आयुष्य एक हजार तासांच्या आसपासच राहावे, असा दंडकही या संघाने घातला होता. दिवा अधिक टिकला तर त्याबद्दल कारखान्याला दंड होई, ही गोष्ट आज विनोदी वाटते, पण ती खरी आहे. दुसऱ्या महायुद्धाने हा संघ मोडीत निघाला. अशा बाजारात एका संस्थानाने स्वतःच्या नावाचा दिवा आणला, यातील धाडस लक्षात घेण्याजोगे आहे. पुढील कित्येक दशके दक्षिणेतील असंख्य घरांत ‘म्हैसूर’ हे नाव छापलेला गोळा लटकत राहिला.

मराठी वाचकाला याच्या जोडीने स्वाभाविकपणे ओगलेवाडीची आठवण होईल. औंध संस्थानातील ओगले बंधूंच्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील हा वीज न पोचलेल्या महाराष्ट्राचा घरगुती दिवा होता. संस्थानिकाचा आश्रय, परकीय मालाशी स्पर्धा आणि घराघरांत पोचलेले एक नाव, अशी दोन्ही कथांची बांधणी सारखीच आहे. फरक एवढाच की कंदिलावर नाव ठळकपणे उठवलेले असे. बल्बवरील शिक्का मात्र फडक्याने पुसता पुसता नाहीसा होतो.

शिक्का आणि कर्ता

मात्र नाव वाचता आले म्हणजे कर्ता सापडला, अशी समजूत करून घेणे हीच नवशिक्या संशोधकाची पहिली चूक. वस्तूवरील नाव हे पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. उत्तर प्रदेशातील शिकोहाबादच्या हिंद लॅम्प्स या कारखान्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे एकाच छताखाली बनलेले दिवे बजाज, फिलिप्स, क्रॉम्प्टन अशा दुकानात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या नावांनी बाजारात जात. गिऱ्हाईक नावावरून भांडत असे. दिव्यांचे गोत्र मात्र एकच! नावेही स्थिर नसतात. आजची बजाज इलेक्ट्रिकल्स ही कंपनी १९३८ मध्ये ‘रेडिओ लॅम्प वर्क्स’ या नावाने नोंदली गेली आणि १९६० मध्ये तिचे नामांतर झाले. जुन्या कागदावर पहिले नाव दिसले, तर ती वेगळीच कंपनी असावी असे समजून शोध थांबवणारे काही कमी नाहीत.

विक्रेत्याचाच कर्ता होतो, असाही प्रकार आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण बंगळुरूतच आहे. टी. टी. कृष्णमाचारी यांनी १९२८ मध्ये मद्रासला वितरणाची पेढी सुरू केली. परदेशी कंपन्यांचा माल दक्षिणेतील लहानमोठ्या गावांत पोचवणे हा तिचा व्यवसाय. हेच कृष्णमाचारी पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली, आयातीवर निर्बंध आले आणि केवळ वितरणावर जगणाऱ्या पेढ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. माल येणार नसेल तर विकायचे काय? त्यातून ब्रिटनच्या प्रेस्टिज कंपनीशी सहकार्य करून १९५९ मध्ये बंगळुरूत प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीच्या सहकार्याने दुसरा कुकर आणला. त्यांच्या कंपनीचे नाव होते ‘प्रेशर कुकर्स अँड अप्लायन्सेस’. ‘हॉकिन्स’ हे वस्तूचे नाव. म्हणून जुन्या खोक्यावर एक नाव मोठ्या अक्षरांत आणि दुसरे बारीक अक्षरांत आढळते, आणि संशोधकाला कामाचे असते ते बारीक अक्षरांतले. या दोन कुकरांची झाकणे पाहावीत. एकाचे झाकण बाहेरून बसते, दुसऱ्याचे आतून. एकाच काळी, एकाच प्रश्नाला मिळालेली ही दोन उत्तरे आजही आपल्या ओट्यावर शेजारी शेजारी शिट्ट्या देत असतात!

ज्या वर्षी हे कुकर आले, त्याच्या आदल्याच वर्षी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने भारत सरकारला आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला होता. देशभर हिंडून पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी निवडला तो आपला रोजचा लोटा. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. लोट्याचा कर्ता कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडवला. परंतु १९६० सालच्या टेबल लॅम्पचा कर्ता कोण, याला उत्तर असते. कुणीतरी त्याचा साचा कापला, कुणीतरी त्याला रंग चढवला, कुणीतरी त्यावर किंमत लिहिली. ते उत्तर हरवू द्यावे का, एवढाच प्रश्न आहे.

वस्तू वाचावी कशी?

तारीख छापलेली नसली तरी वस्तू आणि तिचे खोके आपले वय सांगत असतात. सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे पत्ता. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी मोठ्या शहरांत केवळ विभागाचा क्रमांक लिहीत. ‘बंगळूर-३’ असा पत्ता असेल तर ती वस्तू मल्लेश्वरमची आणि बहुधा १९७२ पूर्वीची. ‘५६०००३’ असेल तर नंतरची. ‘बंगळूर-१०’ म्हणजे राजाजीनगरची औद्योगिक वसाहत. ‘म्हैसूर राज्य’ असे शब्द असल्यास काळ १ नोव्हेंबर १९७३ च्या मागे जातो, कारण त्या दिवशी राज्याचे नाव कर्नाटक झाले. जुनी छापील खोकी संपेपर्यंत वापरण्याची काटकसर आपल्या कारखानदारांत होतीच, तेव्हा एखाददुसऱ्या वर्षाची सूट ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा साक्षीदार म्हणजे किंमत. रुपये-आणे असतील तर वस्तू १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतील, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळला. कंपनीच्या नावातही खूण दडलेली असते. खासगी कंपनीने ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे लिहिलेच पाहिजे, ही सक्ती १९५६ च्या कंपनी कायद्याने आली. त्यामुळे लहानशा कारखान्याच्या नावापुढे नुसते ‘लिमिटेड’ दिसले, तर तो कागद त्याआधीचा असण्याचा संभव वाढतो.

यापेक्षाही मोलाची खूण म्हणजे आयएसआय चिन्ह. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आले. चिन्हाच्या वरच्या बाजूस मानकाचा क्रमांक असतो. विजेच्या साध्या बल्बला ४१८, घरगुती प्रेशर कुकरला २३४७. पुष्कळांचे लक्ष तेवढ्यावरच थांबते. खरा खजिना खालच्या बाजूस असतो, तो म्हणजे सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हा परवाना विक्रेत्याला मिळत नाही. विशिष्ट जागेतील विशिष्ट कारखान्याला मिळतो. खोक्यावर नाव कुणाचेही असो, परवान्याचा क्रमांक कारखान्याच्याच दाराशी नेऊन सोडतो. असे परवाने दिल्याच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होत आणि त्यांत परवानाधारकाचे नाव, पत्ता व वस्तूचे वर्णन असे. राजपत्राचे जुने अंक आता संगणकावर पाहता येतात. रुक्ष सरकारी अधिसूचनेत एखाद्या गल्लीतील विस्मृत कारखान्याचा पत्ता अवचित सापडावा, यासारखा आनंद या छंदात दुसरा नाही.

चिन्ह नसेल तर ‘रजि. डिझाइन’ किंवा ‘रजि. ट्रेडमार्क’ असे शब्द शोधावेत. वस्तूच्या आकाराची नोंद १९११ च्या कायद्यान्वये कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात होई; व्यापारचिन्हांची नोंदणी १९४० च्या कायद्याने सुरू झाली आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. चिन्हाचा मालक एक आणि ते वापरण्याची परवानगी असलेला कारखानदार दुसरा, अशी दुहेरी नोंदही तेथे सापडते.

वितरकाच्या मागावर

वितरकाचा माग काढणे त्याहून अवघड. कारखान्याला निदान भिंती असतात. वितरकाची सारी मालमत्ता म्हणजे एक गोदाम, एक टंकलेखन यंत्र आणि पत! त्याचे नाव वस्तूवर क्वचितच येते. ते येते जाहिरातीत. ‘सोल एजंट्स’ या दोन शब्दांखाली मुंबईच्या लोहार चाळीतला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला पत्ता दिसतो. या कामी मराठी माणसाच्या हाताशी एक अपूर्व साधन आहे, ते म्हणजे जुनी मासिके. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ झालेले मासिक, १९३० मधील ‘स्त्री’, १९३४ मधील ‘मनोहर’ आणि असंख्य दिवाळी अंक यांची जाहिरातींची पाने म्हणजे गृहवस्तूंच्या व्यापाराचा चालता इतिहास आहे. खेदाची गोष्ट अशी की बांधणी करताना अनेक ग्रंथालयांनी नेमकी हीच पाने फाडून टाकली. कथा जपली आणि कंदील फेकला, असेच म्हणावे लागेल!

कंपनी कायद्याचाही येथे उपयोग होतो. १९५६ च्या कायद्यातील कलम २९४ नुसार एकमेव विक्री प्रतिनिधीच्या नेमणुकीस सर्वसाधारण सभेची मान्यता लागे आणि एका वेळी पाच वर्षांहून अधिक मुदत देता येत नसे. त्यामुळे वार्षिक सभांच्या सूचनांत वितरकांची नावे दर काही वर्षांनी उमटत. एखाद्या आजोबांच्या कपाटात समभागांबरोबर अशा सूचनांचा गठ्ठा असेल, तर तो रद्दीत देण्यापूर्वी उलगडून पाहण्याजोगा आहे.

आणि मग येतात बँकेच्या वह्या. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हुंड्या-बिलांचे ते दिवस आठवत असतील. बंगळूरचा कारखानदार माल रेल्वेत चढवी, रेल्वेची पावती म्हणजे बिल्टी आपल्या बँकेत देई; ती टपालाने सांगलीच्या किंवा बेळगावच्या शाखेत येई. तेथील दुकानदाराने पैसे भरले की बिल्टी त्याच्या हाती पडे आणि मगच स्थानकावर दिव्यांची खोकी सुटत. माल कुणी पाठवला, कुणी घेतला, किती रकमेचा आणि कोणत्या दिवशी, हे सारे बिलांच्या नोंदवहीत एका ओळीत लिहिलेले असे. कर्ता आणि वितरक यांची नावे शेजारी शेजारी लिहिणारा एकमेव माणूस म्हणजे बँकेचा कारकून! परंतु वह्या जपण्याविषयीच्या १९८५ च्या नियमांनी प्रकारानुसार पाच किंवा आठ वर्षांची मुदत घालून दिली आहे आणि ती उलटलेले दप्तर रीतसर नष्ट होत आले. नियम योग्यच आहे. गोदामांना अंत नसतो. तरीही त्या वह्यांबरोबर कितीतरी लहान कारखान्यांचा शेवटचा पुरावा गेला असेल, ही रुखरुख उरतेच.

उरलेल्या खुणा

बंगळुरूत भिंतीही वेगाने जात आहेत. रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली. मल्लेश्वरम व राजाजीनगरच्या सीमेवरील तिच्या जुन्या जागेवर आज ‘ब्रिगेड गेटवे’चे उंच मनोरे आणि मॉल उभा आहे. तबकडीचे काळे दूरध्वनी घडवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मधली. तिने बनवलेल्या जुन्या दूरध्वनीच्या तळाशी बंगळूरचे नाव शोधण्याची सवय संग्राहकांना लागली आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीचे भाग्य थोडे बरे. घड्याळांचा कारखाना बंद झाला, तरी २०१९ मध्ये जालहळ्ळी येथे कंपनीचे संग्रहालय उघडले आणि तेथे वस्तू व त्यांची कूळकथा एकत्र पाहता येते. सरकारी पोर्सेलिन कारखाना १९७६ मध्ये भेल कंपनीत विलीन झाला.

म्हैसूर लॅम्प्स २००३ मध्ये बंद पडला. कामगार पांगले, यंत्रे जागच्या जागी उभी राहिली. वीस एकरांहून मोठ्या या आवाराचे काय करावे, यावर पुढे वर्षानुवर्षे खल झाला. शहराच्या ऐन मध्यभागी असलेली एवढी जमीन म्हटल्यावर तिच्यावर अनेकांची नजर असणार, हे ओघानेच आले. २०२० मध्ये राज्य शासनाने तेथे शहराचा इतिहास व संस्कृती दाखवणारे केंद्र उभारण्याच्या योजनेस मान्यता दिली. यंत्रे जपली गेली तर दिवा कसा घडत असे हे पुढच्या पिढीला पाहता येईल. परंतु दिवा कुठे कुठे गेला, कुणी नेला, कोणत्या गावच्या दुकानदाराने तो काउंटरवर पेटवून गिऱ्हाइकाला दाखवला, हे यंत्रे सांगू शकत नाहीत. ते सापडले तर एखाद्या घरातल्या पिवळ्या पडलेल्या बिलात सापडेल.

बंगळुरू मेट्रोची हिरवी मार्गिका २०१४ मध्ये याच भागात सुरू झाली. यशवंतपूर ओलांडून जाताना तिच्यावर ‘सँडल सोप फॅक्टरी’ आणि ‘पीण्या इंडस्ट्री’ अशी कारखान्यांची नावे मिरवणारी स्थानके लागतात. म्हैसूर लॅम्प्सचे आवारही याच परिसरात आहे. त्याच्या नावाचे स्थानक मात्र नाही.